थंडीस न डगमगणारा युक्का : त्याची बागेंत व कुंडींत लागवड

बागाइतदाराच्या बंगल्यापुढें किंवा एखाद्या जुन्या विश्रामगृहाच्या आवारांत, तलवारीच्या पात्यांसारखीं ताठ पानें असलेलें आणि उंच दांड्यावर पांढऱ्या, खालीं तोंड केलेल्या घंटांसारख्या फुलांचा झुबका धारण करणारें एक झाड पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. बांधावरील घायपाताचाच हा एक प्रकार असावा असें समजून कित्येक जण पुढें गेलेही असतील. त्यांची समजूत अगदींच चुकीची नाहीं. हें झाड म्हणजे युक्का होय, व तो घायपाताचा जवळचा भाऊबंद आहे. रोप विकणारा मनुष्य "हें झाड उणे वीस अंशांची थंडी सोसतें" अशी त्याची शिफारस करतो. शिफारस खोटी नाहीं. परंतु ती अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीवर लावलेलें झाड पहिल्याच पावसाळ्यांत कुजण्याचा फार संभव असतो. तसें कां होतें हें समजण्याकरितां हें झाड आपल्या मायदेशीं कसें वाढतें, व थंड मुलखांतील माळी त्यास बागेंत व कुंडींत कसें जगवितात, हें पाहणें जरूर आहे. हा विचार केवळ शोभेच्या झाडापुरताच नाहीं; संत्रें, डाळिंब व पपई यांच्या बागाइतदारासही त्यांत घेण्यासारखें कांहीं आहे.

झाडाची ओळख

युक्काच्या सुमारें चाळीस ते पन्नास जाती असून त्या सर्व अमेरिका खंडांतील आहेत. पूर्वीचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांस कमलिनी-वर्गांत घालीत. आतां घायपाताबरोबर त्यांची गणना शतावरीच्या कुलांत होते. 'युक्का' हें नांव मात्र गैरसमजुतीनें पडलेलें आहे. ज्या कंदापासून आपल्याकडील उपवासाचा साबुदाणा तयार होतो, त्या कसाव्याचें तें अमेरिकेंतील देशी नांव. सोळाव्या शतकांत विलायतेंतील लोकांनीं या निराळ्याच झाडास कसावा समजून तें नांव लाविलें, आणि लिनियस यानें १७५३ सालीं तेंच कायम केलें. तेव्हां युक्काच्या मुळांशीं कंद शोधूं नये; तीं खाण्याचीं नव्हेत.

घायपात व युक्का यांत एक महत्त्वाचा भेद आहे. घायपाताच्या मुख्य झाडास कित्येक वर्षांनीं एकदांच फुलोरा येतो व मग तें झाड मरतें. युक्काचें तसें नाहीं. खोडाच्या जातींस फुलोऱ्यानंतर त्याच ठिकाणीं फांद्या फुटतात. बिनखोडाच्या जातींत फुललेला पर्णगुच्छ हळूहळू संपतो, परंतु बाजूचे मुनवे त्याची जागा घेतात. त्यामुळें एकदां नीट रुजलेला युक्का तीच जागा वर्षानुवर्षें धरून राहतो.

थंडी सोसणाऱ्या जाती

सर्व युक्का थंडी सोसतात असें नाहीं. मेक्सिको व मध्य अमेरिका यांतील मोठ्या झाडासारखा वाढणारा, मऊ पानांचा युक्का दिवाणखान्यांतील कुंडींत सर्रास आढळतो. परंतु कडक हिमांत तो टिकत नाहीं. (साल्वादोर देशाचें तें राष्ट्रीय पुष्प असून तेथील लोक त्याचीं फुलें भाजींत घालतात.) खरोखर कडक थंडीस तोंड देणाऱ्या मुख्य जाती पुढीलप्रमाणें :

(१) निळसर अरुंद पानांचा युक्का (ग्लाउका). अमेरिकेच्या मध्यभागांतील विस्तीर्ण गवताळ माळावर, दक्षिणेस टेक्सासपासून उत्तरेस कानडांतील आल्बर्टा प्रांतापर्यंत हा आढळतो. तेथें हिवाळ्यांत पारा उणे तीस अंश सेल्सियसच्याही खालीं जातो. जमीन कोरडी व पाण्याचा चटकन् निचरा होणारी असावी लागते.

(२) तंतुमय युक्का (फिलामेंटोसा). पानांच्या कडांवरून पांढरे कुरळे धागे सुटतात ही याची खूण. आग्नेय अमेरिकेंतील रेताड जमिनींत हा होतो. थंडीबरोबर थोडी ओलही सहन करतो, म्हणून नवशिक्यास हाच उत्तम. याच्याच जवळच्या मऊ पानांच्या जातीस फ्लॅसिडा म्हणतात.

(३) केळ-युक्का (बक्काटा). नैर्ऋत्य अमेरिकेंतील कोरड्या डोंगराळ भागांत होणारा, जाड निळसर पानांचा. याचीं मांसल फळें तेथील मूळचे रहिवासी भाजून खात.

(४) चोंच-युक्का (रोस्ट्राटा). पश्चिम टेक्सास व त्यास लागून असलेल्या उत्तर मेक्सिकोंतील. उभ्या खोडावर निळ्या-करड्या पानांचा गोल चेंडू बसविल्यासारखें हें झाड दिसतें. अतिशय देखणें, परंतु वाढ फार सावकाश.

(५) भव्य युक्का (ग्लोरिओसा). आग्नेय अमेरिकेच्या समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्यांवरील. वरील चार जातींइतकी थंडी यास सोसत नाहीं, परंतु इंग्लंडसारख्या देशांत तो उघड्यावर चांगला राहतो.

मारतें कोण : थंडी कीं ओल ?

अमेरिकेच्या शेतकी खात्यानें १९६० सालापासून हिवाळ्यांतील सरासरी नीचतम उष्णमानावरून देशाचे पट्टे पाडले आहेत, आणि अमुक झाड अमुक पट्ट्यापर्यंत जगतें असें रोपांच्या याद्यांतून लिहिलेलें असतें. माहिती उपयोगी आहे. परंतु पारा किती उतरतो एवढेंच तींत कळतें, जमीन त्या वेळीं कोरडी असते कीं चिंब असते हें कळत नाहीं. युक्काच्या बाबतींत सर्व भिस्त त्यावरच आहे.

कोलोराडो प्रांतांतील डेन्व्हर येथें वर्षाचा पाऊस व बर्फ मिळून सुमारें चौदा-पंधरा इंच पाणी पडतें. थंडी कडाक्याची, पण हवा कोरडी व ऊन स्वच्छ. तेथें केळ-युक्का व चोंच-युक्का उघड्यावर वाढतात. उलट इंग्लंडांत थंडी त्या मानानें सौम्य, परंतु ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जमीन ओलीच; तेथें हीच झाडें कुजतात. कारण उघड आहे. हिंवाळा जवळ येऊं लागला म्हणजे हें झाड आपल्या पेशींतील पाणी कमी करतें व त्यांत साखर सांठवितें. त्यामुळें पेशींतील रस सहजासहजीं गोठत नाहीं. मुळांशीं सारखी ओल राहिली तर ही तयारी पुरी होत नाहीं. शिवाय चिंब जमिनींत हवा खेळत नाहीं, मुळें गुदमरतात, आणि दुबळ्या झालेल्या मुळांत बुरशीचा शिरकाव होतो. पर्णगुच्छाच्या मध्यभागीं सांचलेलें पाणी कोंबाशीं गोठतें, आणि तेथूनच कूज सुरू होते. लोक म्हणतात, झाड थंडीनें गेलें. वस्तुतः तें पाण्यानें गेलेलें असतें.

आतां आपल्याकडे पाहूं. निफाडच्या बाजूस एखाद्या हिंवाळ्यांत पारा पांच अंशांच्याही खालीं येतो. द्राक्षबागाइतदार रात्रभर शेकोट्या पेटवून बसतात. परंतु वर सांगितलेल्या जातींस ही थंडी म्हणजे कांहींच नव्हे. आपल्याकडे प्रश्न थंडीचा नसून पावसाळ्याचा आहे. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें अठ्ठावीस इंच पाऊस पडतो, म्हणजे डेन्व्हरच्या जवळजवळ दुप्पट, व त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. इंग्लंडांतील माळ्यास जो हिंवाळा, तोच आपल्यास पावसाळा. म्हणून थंड व ओल्या देशांतील माळ्यांनीं युक्का जगविण्याकरितां ज्या युक्त्या शोधून काढल्या, त्याच आपल्यास लागू पडतात. फक्त महिने बदलावे लागतात.

जमीन व लागवड

जागा दिवसभर उन्हाची असावी. सावलींत झाड जगतें, परंतु पानें लुळीं पडतात व फूल बहुधा येत नाहीं. थंड देशांत दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा निवडतात. भिंत दिवसा ऊन सांठविते व छपराची वळचण पाऊस अडविते. पागोळीची धार मात्र झाडावर पडतां कामा नये.

जमीन हलकी, खडकाळ, मुरमाड किंवा रेताड असावी. थोडा चुना असला तरी चालतो. भारी काळ्या जमिनींत लागवड करावयाची असल्यास खड्डा घेऊं नये. येथेंच बहुतेकांची चूक होते. मीही ती केली. काळ्या रानांतील घरापुढें दोन फूट खोल खड्डा घेऊन, तो मुरूम व वाळू यांनीं भरून मीं एक तंतुमय युक्का लाविला, व त्याच्याच जोडीचा दुसरा कुंडींत घालून पडवीच्या कडेस ठेविला. पहिल्यावर माझा विश्वास अधिक होता. श्रावणाच्या अखेरीस त्याचीं मधलीं पानें ओढतांच हातांत आलीं; खालीं सर्व लगदा झाला होता. भोंवतालच्या चिकणमातींतून पाणी पाझरत नव्हतें, आणि माझा मुरमाचा खड्डा हौदासारखा भरून राहिला होता. कुंडींतील रोप मात्र साबूत राहिलें. दोष झाडाचा नव्हता, विकणाऱ्याचाही नव्हता. खड्डा माझा होता.

म्हणून भारी जमिनींत खालीं न जातां वर यावें. जमिनीच्या पातळीवर एक ते दीड फूट उंचीचा ढीग किंवा दगडी कडेचा ओटा करावा. त्यांत एक भाग पोयटा, एक भाग भरड वाळू व एक भाग बारीक खडी किंवा चाळलेला मुरूम असें मिश्रण घालावें. शेणखत फार थोडें व पूर्ण कुजलेलें असावें. उतार असल्यास उताराच्या अंगाचा फायदा घ्यावा. रोप पूर्वी ज्या खोलीवर होतें त्याच खोलीवर लावावें. बुंधा पुरूं नये. बुंध्याभोंवतीं दोन इंच जाडीचा खडीचा थर पसरावा. पालापाचोळ्याचें आच्छादन इतर फळझाडांस हितकर असलें, तरी येथें तें बुंध्याशीं ओल धरून ठेवतें, म्हणून घालूं नये.

थंड देशांत लागवड वसंत ऋतूंत, हिमाची भीति संपल्यावर करतात. हेतु हा कीं, संकटाचा ऋतु येण्यापूर्वीं मुळांस संबंध उन्हाळा मिळावा. त्याच न्यायानें आपल्याकडे पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळांत लागवड करावी, म्हणजे मृगापूर्वीं मुळें पसरलेलीं असतात. पहिल्या वर्षीं जमीन वाळल्यावर पाणी द्यावें. पुढें उन्हाळ्यांत महिन्यांतून एक-दोन पाण्यांवर झाडाचें भागतें. पावसाळ्याच्या तोंडीं नत्रयुक्त खत देऊं नये. त्यानें लुसलुशीत वाढ होते व तीच आधीं कुजते.

कुंडींतील लागवड

ज्याची जमीन भारी आहे किंवा ज्याचें गांव कोंकणांत वा घाटमाथ्यावर आहे, त्यानें युक्का कुंडींतच लावावा. कारण कुंडी उचलून छपराखालीं नेतां येते.

कुंडी मातीची, रुंद बुडाची व जड असावी. खोडाच्या जाती डोकेजड असल्यामुळें हलकी कुंडी वाऱ्यानें कलंडते. तळाशीं मोठें भोंक असावें, व कुंडी दोन विटांवर ठेवावी म्हणजे भोंक जमिनीस चिकटून बुजत नाहीं. तळाशीं खापऱ्यांचा व खडीचा जाड थर देण्याची आपली जुनी चाल आहे. तिचा उपयोग नाहीं. बारीक मातींतलें पाणी खालच्या भरड थरांत एकदम उतरत नाहीं, तें थराच्या वरच अडून राहतें; त्यामुळें ओली माती उलट मुळांच्या अधिक जवळ येते. भोंकावर एकच खापरी पालथी घालावी आणि संबंध कुंडींत सारखेंच भरड मिश्रण भरावें. निम्मी खडी व भरड वाळू, निम्मी माती हें प्रमाण ठीक. दर दोन-तीन वर्षांनीं कुंडी बदलावी. तंतुमय युक्काचीं जमिनींतील जाड खोडें इतकीं फुगतात कीं वेळीं कुंडी फोडतात.

थंड देशांतील माळ्यास कुंडीची एक अडचण आहे. जमिनींतील मुळांस भोंवतालच्या मातीची ऊब असते. कुंडीस चोहोंकडून थंडी लागते. म्हणून जमिनींत जी जात जितकी थंडी सोसते, त्याहून पुष्कळ कमी ती कुंडींत सोसते असें धरून चालावें. ते लोक कुंड्या नोव्हेंबरांत वळचणीखालीं किंवा गरम न केलेल्या कोठारांत नेतात व जवळजवळ कोरड्या ठेवतात. गरम व अंधाऱ्या खोलींत ठेवीत नाहींत, कारण तेथें पिवळी, लांबट, निकस वाढ होते. आपण हेंच मृगापासून परतीच्या पावसापर्यंत करावें : कुंडी उजेडाच्या पण पाऊस न लागणाऱ्या पडवींत ठेवावी, व माती दोन इंच खोलपर्यंत वाळल्याखेरीज पाणी देऊं नये.

उघड्यावरील झाडाचें संरक्षण

ओल्या हिंवाळ्याच्या देशांत दोन उपाय करतात. पहिला, पानें वर गोळा करून सुतळीनें सैल बांधणें. त्यामुळें बर्फाच्या वजनानें पानें मोडत नाहींत व मधला कोंब झांकला जातो. दुसरा, चार खुंटांवर कांचेचें किंवा पारदर्शक पत्र्याचें छप्पर घालणें. छपराच्या बाजू उघड्या ठेवतात. झाड पिशवींत गुंडाळून टाकणें ही मात्र चूक होय; आंत बाष्प कोंडतें व झाड कुजतें. आपल्याकडे किमती झाडावर संततधारेच्या दोन महिन्यांपुरतें असें छप्पर घालण्यास हरकत नाहीं.

फुलें, बीं व रोपें

युक्कास फूल येतें पण बीं धरत नाहीं, याचें अनेकांस नवल वाटतें. याचें कारण जॉर्ज एंगेलमन व चार्ल्स रायली या संशोधकांनीं १८७२ सालच्या सुमारास अमेरिकेंत शोधून काढलें. एका लहान पांढऱ्या पतंगाची मादी फुलांतील पराग गोळा करून त्याची गोळी करते, दुसऱ्या फुलाच्या बीजकोशांत अंडीं घालते, आणि मग ती परागगोळी त्या फुलाच्या स्त्रीकेसरावर दाबून बसविते. अळ्या कांहीं बिया खातात, बाकीच्या झाडास उरतात. जेथें हा पतंग नाहीं तेथें बहुतेक जातींस फळ धरत नाहीं. हातानेंच पराग लावावा लागतो. इटलींत नेपल्स येथें कार्ल स्प्रेंगर यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं अशाच हातच्या परागसिंचनानें युक्काचे अनेक संकर तयार केले.

बीं मिळाल्यास तें चोवीस तास पाण्यांत भिजवून अर्धा इंच खोल पेरावें. वीस ते पंचवीस अंश उष्णमानांत दोन ते चार आठवड्यांत उगवण होते. बियांपासून वाढलेल्या झाडास फूल येण्यास चार-पांच वर्षें किंवा अधिक, व खोडाच्या जातींस त्याहूनही फार काळ लागतो. सामान्य शेतकऱ्यास मुनव्यांची रीत सोयीची. पाऊस संपल्यावर बाजूचा मुनवा धारदार चाकूनें काढावा, अगर जमिनींतील पांढऱ्या जाड खोडाचा दोन-तीन इंचांचा डोळेदार तुकडा घ्यावा; कापलेला भाग दोन-तीन दिवस सावलींत सुकवून ओलसर वाळूंत लावावा. ओला काप तसाच लावल्यास तो कुजतो.

कीड व सावधगिरी

खवलेकीड व पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत दडतात; थोडी लागण असेल तर साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसून काढावी. घायपात व युक्का यांचा मोठा शत्रु म्हणजे काळा सोंड्या भुंगा. तो बुंध्याशीं अंडीं घालतो, अळ्या आंत पोखरतात, आणि मागोमाग कूज येते. अमेरिकेंतून रोपांच्या व्यापाराबरोबर तो युरोपांतही पोहोंचला आहे. म्हणून विकत आणलेल्या रोपाचा बुंधा दाबून पाहावा. मऊ लागल्यास किंवा भोंक दिसल्यास रोप घेऊं नये.

कित्येक जातींच्या पानांचीं टोकें सुईसारखीं असतात व वांकलेल्या माणसाच्या डोळ्यांस इजा करतात. पायवाटेच्या कडेस व मुलें खेळतात तेथें हें झाड लावूं नये. लावलेंच तर टोकें कातरून टाकावीं.

इतर उपयोग

युक्काच्या मुळांत रिठ्याप्रमाणें फेस करणारें द्रव्य असतें. अमेरिकेचे मूळचे रहिवासी त्यानें केंस व कपडे धूत, आणि पानांच्या तंतूंचे दोर व चपला करीत. हल्लीं एका जातीचा अर्क कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यांत, विष्ठेंतील अमोनियाची दुर्गंधि कमी करण्याकरितां घालतात. १९१८ सालच्या अवर्षणांत नैर्ऋत्य अमेरिकेंतील गुरें पाळणाऱ्यांनीं तेथील खोडाच्या युक्काचे बारीक तुकडे करून जनावरें जगविलीं. परंतु वाचकांनीं यावरून वैरणीसाठीं युक्का लावण्याचा बेत करूं नये. तें झाड इतकें सावकाश वाढतें कीं एका दुष्काळांत तोडलेलें पुन्हां उभें राहण्यास माणसाचें अर्धें आयुष्य जातें. बांधाकरितां आपला घायपातच बरा.

सारांश, युक्का हें कोरड्या जागेचें, उन्हाचें व धीर धरणाऱ्या माणसाचें झाड आहे. जमिनीच्या वर लावा, बुंध्याशीं खडी घाला, पावसाळ्यांत ओलीपासून जपा व बाकी वेळीं त्यास त्याच्या मार्गानें जाऊं द्या. आणि हा धडा घरापुढील ओट्यावरच सोडूं नये. संत्र्यास डिंक्या लागला, डाळिंब मर खाऊं लागलें, कीं एका पावसांत पपई आडवी झाली म्हणजे आपण हवेस व नशिबास दोष देतों. त्या वेळीं फवाऱ्याकडे धांवण्यापूर्वीं कुदळ घ्यावी, मुळांशीं हातभर खणावें, आणि पाणी कोठें अडलें आहे तें आधीं पाहावें.